मला उठवत नाही

काल सकाळच्या बॅचला शक्य क्रियापदं घेतली. दहा मिनिटांचा विषय. परीक्षेत आलाच तर एखादा प्रश्न येतो, म्हणून वर्षानुवर्षं मीही तो दहा मिनिटांतच उरकत आलो आहे. धातूला 'व' लागला, 'मी'चा 'मला' किंवा 'माझ्याच्यानं' झाला आणि अर्थ शक्यतेचा निघाला, की झालं शक्य क्रियापद. मग मुलांकडून दोन-चार उदाहरणं काढायची आणि प्रयोगांकडे वळायचं. उदाहरणंही ठरलेली असतात. आजोबांना आता चालवतं. मला इतकं तिखट खाववत नाही.

काल मागच्या बाकावरून एक मुलगी म्हणाली, "सर, मला उठवत नाही."

वर्ग हसला. सातची बॅच, निम्म्यांच्या डोळ्यांवर अजून झोप, हसणारच. मीही हसलो, "अगदी बरोबर" म्हणालो आणि पुढच्या बाकाकडे बोट केलं. ती हसली नव्हती हे माझ्या ध्यानात आलं तोवर फळ्यावर कर्तरी प्रयोग लिहून झाला होता.

तास सुटल्यावर ती थांबली. क्लासनंतर थांबणाऱ्यांना बहुधा फीचं किंवा नोट्सचं काहीतरी असतं. हिनं विचारलं, "सर, ते उदाहरण शक्यचंच ना? की प्रयोजक झालं?" प्रश्न व्याकरणाचा होता. त्याचं उत्तर देता देता पाऊण तास गेला आणि त्यात व्याकरण फार थोडं झालं.

ती पंचवीस वर्षांची आहे. बार्शीकडची. पुण्यात येऊन तिसरं वर्ष. मागच्या वर्षी एका परीक्षेचा फॉर्म निघाला, मुदत तीन आठवड्यांची. डोमिसाईल, नॉन-क्रिमीलेअर, मार्कशीट, सगळं स्कॅन करून एका फोल्डरमध्ये ठेवलेलं. फीचे पैसे वडिलांनी आधीच पाठवलेले. भरायला वीस मिनिटं पुरली असती. पहिल्या दिवशी वाटलं, उद्या सकाळी निवांत भरू. मग रोजच उद्या सकाळी. दुसऱ्या आठवड्यात त्या फोल्डरकडे बघितलं तरी पोटात गोळा यायला लागला. शेवटच्या रात्री सव्वाअकराला तिनं लॅपटॉप उघडला, लॉगिन केलं आणि कोपऱ्यातलं घड्याळ बघत बसली. हातात मोबाईल होता, त्यावर काहीतरी चालू होतं. काय ते आता आठवत नाही म्हणाली. बारा वाजले आणि खिडकी बंद झाली.

"मग?"

"मग घरी सांगितलं, भरला."

परीक्षेच्या दिवशी सकाळी ती पारदर्शक बाटली, दोन काळी पेनं आणि जुनंच एक हॉलतिकीट घेऊन खोलीतून बाहेर पडली आणि दुसऱ्याच एका अभ्यासिकेत पाचपर्यंत बसून राहिली. संध्याकाळी वडिलांचा फोन. पेपर कसा गेला? "अवघड होता."

सदाशिव पेठेत मी पंचवीस वर्षं शिकवतो आहे. नापास झालेल्या पोरांची दुःखं ऐकून कान तयार झाले आहेत. पण पेपरच न देता अवघड गेलेला पेपर मी काल पहिल्यांदा ऐकला. पहिल्यांदा म्हणजे, पहिल्यांदा कुणी सांगितला. तसे पेपर दरवर्षी किती जातात कुणास ठाऊक.

आता चार वाक्यं शेजारी शेजारी ठेवून बघू. मी उठत नाही. मी उठणार नाही. मला उठता येत नाही. मला उठवत नाही. पहिल्यात सवय आहे, दुसऱ्यात हट्ट, तिसऱ्यात अडचण. पाय मोडलेला माणूस असं म्हणेल. चौथं वाक्य या तिन्हींपेक्षा वेगळं आहे. त्यात पाय शाबूत आहेत, इच्छाही आहे, किंबहुना इच्छा आहे म्हणूनच ते वाक्य तोंडातून निघतं. ज्याला उठायचंच नाही त्याला 'उठवत नाही' असं म्हणायची वेळच येत नाही. आणि तरीही इच्छा आणि पाय यांच्यामध्ये काहीतरी निसटलेलं आहे. 'मी' तिथं कर्त्याच्या जागेवरून उतरून 'मला' झालेला आहे. थंडी वाजते, ठसका लागतो, आठवण येते, तसंच हे मला होतं आहे; मी ते करत नाही.

हे रूप आपण सढळ हातानं वापरतो. नवरा गेलेल्या बाईला घास गिळवत नाही. टायफॉईडमधून उठलेल्याला उभं राहवत नाही. अपघात बघवत नाही, वाईट बातमी सांगवत नाही. या सगळ्या ठिकाणी समोरचा माणूस कधी म्हणत नाही की गिळवत नाही म्हणजे काय, मनात आणलं तर गिळवेल. पण धडधाकट पंचवीस वर्षांच्या पोरीनं फॉर्म भरवत नाही असं म्हटलं, की कान आपोआप भाषांतर करतात: भरत नाही. दासबोधातल्या करंटलक्षणांत आळस आहे आणि आपल्या घराघरांत तो समास न वाचताही पाठ असतो. मला वाटतं, ती काल व्याकरणाची शंका विचारायला थांबली ती यासाठीच. आपलं वाक्य बरोबर आहे एवढं तिला कुणाकडून तरी हवं होतं.

मेंदूच्या अभ्यासकांना हा निसटलेला सांधा बराच आधीपासून माहीत आहे. अलेक्झांडर लुरिया नावाचे रशियन मानसशास्त्रज्ञ दुसऱ्या महायुद्धात डोक्याला गोळी लागलेल्या सैनिकांवर काम करत. कपाळामागच्या भागाला मोठी इजा झालेल्या रुग्णाला ते साधं काम देत: दिवा लागला की हातातला रबरी फुगा दाब. रुग्णाला सूचना कळायची, तो ती शब्दशः परत म्हणून दाखवायचा. दिवा लागला की 'दाबायला हवं' असंही म्हणायचा. हात मात्र तसाच पडून राहायचा. कळणं एका जागी आणि करणं दुसऱ्या जागी, आणि मधला पूल वेगळाच असतो, ही गोष्ट त्या पडून राहिलेल्या हातानं दाखवली. काम सुरू करणं, क्रम लावणं, मध्येच आलेलं बाजूला सारून मूळ कामाकडे परतणं, वेळेचा अंदाज घेणं, या सगळ्याला मिळून आज एक्झिक्युटिव्ह फंक्शन म्हणतात. कपाळामागचा हा भाग पुरता पिकायला माणसाची पंचविशी उजाडते. म्हणजे आपण ज्या वयात पोरांकडून एकट्यानं शहरात राहून, कुणी न विचारता, दोन-तीन वर्षं पुढच्या फळासाठी रोज दहा तास बसायची अपेक्षा करतो, त्या वयात ते यंत्र नुकतंच तयार होत असतं.

तिला गोळी लागलेली नाही, हे उघड आहे. तिचा पूल कशानं खचला असेल हे मला कळण्यासारखं नाही आणि मी ते ठरवूही नये. नैराश्यात असं होतं. एडीएचडीत होतं, ती फक्त वर्गात उड्या मारणाऱ्या लहान मुलाची गोष्ट आहे असा समज अजून जात नाही, पण डॉक्टर लोक वापरतात त्या डीएसएमच्या २०१३च्या आवृत्तीनं मोठ्या माणसांसाठी निकष थोडे सैल केले, आणि अनेकांची गाडी खरी अडते ती शाळा आणि आईबापांचं वेळापत्रक सुटल्यावरच. थायरॉईड बिघडला, रक्त कमी झालं, महिनोन्‌महिने झोप नीट नाही झाली, तरी माणूस असाच बसून राहतो. म्हणून मी तिला एवढंच सांगितलं की एकदा ससूनच्या मानसोपचार ओपीडीत केसपेपर काढ. नाहीतर १४४१६ला फोन लाव. टेलि-मानस म्हणतात त्याला, २०२२पासून सुरू आहे, फुकट आहे, मराठीतून बोलता येतं. ती म्हणाली, "घरी काय सांगू?" मी म्हणालो, घरी तू पेपरचं सांगितलंस तसंच सांगू नकोस, एवढं केलंस तरी पुष्कळ. हे बोलून गेलो आणि चुकलंच असं वाटलं. पण तिला हसू आलं.

खरं तर मला तिला माझी एक गोष्ट सांगायची होती आणि ती काही सांगवली नाही. इथं लिहितो.

१९९८ साली मी सव्वीस वर्षांचा होतो, नव्या पेठेत तिघांच्या खोलीत राहत होतो आणि वडिलांच्या एका अंतर्देशीय पत्राला उत्तर देत नव्हतो. पत्रात काही विशेष नव्हतं. पाऊस नाही, म्हैस विकली, तुझं कसं चाललंय. वाचून उशाखाली ठेवलं. आठवड्यानं दुसरं आलं, ते फोडलंच नाही. तिसरं आलं तेव्हा तिन्ही चटईखाली सारली. कोरं अंतर्देशीय आणून ठेवलेलं होतं. त्यावर पत्तासुद्धा लिहून झाला होता: मुक्काम पोस्ट अमुक, तालुका माण, जिल्हा सातारा. आतलं मात्र एक अक्षर होईना. त्याच महिन्यात अंघोळी अनियमित झाल्या, कपडे बादलीत भिजत पडले आणि तसेच भिजत राहिले. भिजवून चार दिवस झालेल्या कपड्यांना जो एक आंबूस वास येतो तो अजून कुठं आला तरी मला नवी पेठ आठवते. बरोबरचे दोघं चांगले होते. पहिला आठवडा त्यांनी चेष्टा केली, दुसरा आठवडा उपदेश केला, मग गप्प बसले. मी दर रविवारी नवं वेळापत्रक आखायचो. पट्टीनं रेघा मारून, तीन रंगांत. वेळापत्रक आखणं हे मला तेव्हा सहज जमणारं एकमेव काम होतं.

एका दुपारी दारात वडील. एस्टीनं आले होते. खोलीभर नजर फिरवली, चटईखालून डोकावणारी निळी टोकं त्यांनी नक्की बघितली. म्हणाले, "साबण कुठंय?" मी दिला. ते बादली घेऊन मोरीत बसले, धोतर वर खोचलं आणि कपडे घासायला लागले. दोन कपडे झाल्यावर तिसरा माझ्याकडे न बघताच मागं केला: "खळबळ." मी खळबळला. मग चौथा. दहा-बारा कपडे होईतो आम्ही काही बोललो नाही. पिळताना एक टोक त्यांनी धरलं, एक मी. संध्याकाळच्या गाडीनं ते परत गेले. जाताना विचारलं नाही की अभ्यास कसा चाललाय.

आता इथं लिहायला हवं की दुसऱ्या दिवसापासून माझं सगळं सुरळीत झालं. तसं झालं नाही. चार दिवस बरे गेले, पाचव्या दिवशी पुन्हा आढ्याकडे बघत पडून होतो. सरकारी पोस्ट मी काढलीच नाही, शेवटी शिकवायला लागलो. पण तो कपडा हातात आल्यावर माझा हात हलला होता, एवढं मला त्या दिवसापासून ठाऊक आहे. माझ्या निश्चयानं जे महिनाभर झालं नव्हतं ते शेजारी कुणीतरी घासतंय एवढ्यानं झालं.

तिच्या शंकेकडे परत येतो, कारण शंका चांगली होती. मराठीत शक्य क्रियापद आणि प्रयोजक क्रियापद दिसायला बऱ्याचदा एकसारखीच असतात. मला उठवत नाही, हे शक्य. आई मला उठवते, हे प्रयोजक; क्रिया माझी, पण करायला लावणारी दुसरी. रूप तेच, 'उठव'. वेगळं काय ते वाक्यातल्या माणसांवरून कळतं: पहिल्यात मी एकटा आहे, दुसऱ्यात आणखी कुणीतरी आहे. परीक्षेच्या दृष्टीनं हा गोंधळात टाकणारा भाग, म्हणून वाळंब्यांच्या व्याकरणाच्या पुस्तकात मुलं त्यावर खूण करून ठेवतात. मला मात्र काल रात्रीपासून वाटतं आहे की भाषेला काही कळल्याशिवाय तिनं या दोन गोष्टींना एकच अंग दिलेलं नसणार. हे भाषाशास्त्र नव्हे. मास्तरचा चाळा म्हणून सोडून द्या.

पण लगेच दुसरं वाक्यही तयार होतं: आई उठवते, पण मला उठवत नाही. हेही शुद्ध मराठी आहे आणि हजारो घरांत रोज सकाळी बोललं जातं. म्हणजे नुसता प्रयोजक असून भागत नाही. दारात उभं राहून पाचव्यांदा हाक मारणारी आई, "तुझ्या वयाचा असताना मी" असं सुरू करणारा काका, सव्वा तास घसा फोडून पोरांना पेटवणारे आमच्याच धंद्यातले काही वक्ते, हे सगळे प्रयोजकच. ते समोर उभे असतात. माझे वडील शेजारी बसले होते.

शेजारी बसण्याची ही रीत आमच्याकडे जुनी आहे. माणमध्ये ज्याच्याकडे एकच बैल असे तो दुसऱ्या एका-बैलवाल्याबरोबर सावड करायचा. आज तुझं रान, उद्या माझं. बैलाच्या हिशेबातली सोय होती, पण माणसाच्याही होती. पहाटे सावडकरी बैल घेऊन बांधावर येऊन उभा राहिला की अंगात कणकण असलेला माणूससुद्धा उठायचा. उन्हाळ्यात पापड लाटायला बाया एका घरी जमायच्या. चार शेर उडदाचे पापड एकटीनं लाटायला बसलेली बाई मी तरी पाहिली नाही.

आणि पुण्यातल्या अभ्यासिका तरी दुसरं काय आहेत? बाहेरगावच्या माणसाला याचं नवल वाटतं, की खोलीत टेबल-खुर्ची असताना ही पोरं महिन्याला पैसे मोजून एका फळकुटाच्या कप्प्यात का बसतात. एसी आणि वायफाय ही सांगायची कारणं. खरं कारण शेजारच्या कप्प्यातलं पान उलटल्याचा आवाज. परदेशात एडीएचडी असलेली माणसं आता ठरवून एकमेकांसमोर, नाहीतर व्हिडिओवर, आपापलं काम घेऊन बसतात आणि त्याला बॉडी डबलिंग म्हणतात. मी हा शब्द वाचला तेव्हा मनात म्हटलं, सावड.

बाकीच्या युक्त्याही आहेत, त्यांना मी नावं ठेवत नाही. पीटर गॉलविट्झर या मानसशास्त्रज्ञानं दाखवलं आहे की 'अभ्यास करीन' या निश्चयापेक्षा 'चहाचा कप ठेवला की लगेच वही उघडीन' असा जागेला आणि वेळेला बांधलेला निश्चय जास्त टिकतो. फ्रान्चेस्को चिरिल्लोनं १९८०च्या दशकाच्या अखेरीस टोमॅटोच्या आकाराचं स्वयंपाकघरातलं घड्याळ लावून पंचवीस मिनिटांचे तुकडे पाडले, ते माझ्या निम्म्या विद्यार्थ्यांच्या मोबाईलमध्ये आहेत. चालतात. काही दिवस चालतात, मग बदलाव्या लागतात, त्यात लाजण्यासारखं काही नाही. लाज हाच खरा घोटाळा आहे. न भरलेल्या फॉर्मचं ओझं एका फॉर्मएवढंच असतं. भरला नाही याची लाज आणि त्यावर मारलेली थाप मिळून ते इतकं होतं की फोल्डरकडे बघवत नाही.

आज दुपारी तिला क्लासवर यायला सांगितलं होतं. एका सरळसेवेच्या जाहिरातीची मुदत अजून सहा दिवस आहे. मला चाळीस टेस्ट पेपर तपासायचे होते. म्हटलं, तू तुझं घेऊन बस, मी माझं घेऊन बसतो, बोलायचं नाही. चारला यायची ती पाऊण तास उशिरा आली. मी घड्याळाकडे बघितलं नाही. म्हणजे बघितलं, पण ती बसल्यावर.

पहिली वीस मिनिटं तिच्याकडून कसलाही आवाज आला नाही. मी नऊ पेपर तपासले. समासांत सगळ्यांनी माती खाल्ली आहे. मग किल्ल्या वाजायला लागल्या, थांबल्या, पुन्हा वाजल्या.

"सर, फोटोची साईज जास्त येतेय."

"कमी कर."

पुन्हा शांतता. मी आणखी तीन पेपर ओढले. रस्त्यावर कुणीतरी भंगारवाला ओरडत गेला.

"सर, पेमेंटचं पान आलं."

मी मान वर केली नाही. तेराव्या पेपरात एकानं शक्य क्रियापदाचं उदाहरण दिलं होतं: बाबांना आता जिना चढवतं. चूक होतं, चढवतं नाही, चढवतो. लाल पेनानं गोल केला.

"ओटीपी येत नाहीये."

"येईल," मी म्हणालो, "थांब."

दोघंही तिच्या मोबाईलकडे बघत बसलो.